निस्त्याक वाढवा, भात आवरा: कोकणात राहून नीट खायचं-प्यायचं कसं

हल्ली कोणीही उठतं आणि मोबाइलवर सांगतं, सकाळी ओट्स खा, चिया सीड्स भिजवून प्या, अ‍ॅव्होकाडो खा. अहो देवगड-मालवणात बसून हे आणायचं कुठून आणि कशाला? परसात शेवगा उभा आहे, न्हाणीच्या पाण्यावर अळू माजलंय, बाजारात बांगडा आलाय, नाचणी दुकानात मिळते. आपलं जुनं जेवण वाईट नव्हतंच मुळी. बिघडलं ते दोन ठिकाणी. एक, ते खाऊन जी मेहनत व्हायची ती गेली, लावणी गेली, डोक्यावरचे भारे गेले, घाटी चढून शाळेत जाणं गेलं, आता दारातून स्कूटी काढायची आणि थेट बाजारात, पण ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. आणि दुसरं म्हणजे मीठ. पावसाचे चार महिने काढायचे तर सगळं खारवून ठेवायलाच लागायचं, मासे खारवा, आंबे खारवा, फणसाचे गरे खारवा, आमसुलं मिठात, मिरच्या मिठात. आता घरोघरी फ्रीज आहे तरी ते सगळं खारं आहेच आणि वर फरसाण नि वेफर्सची पाकिटं येऊन बसलीत.

तर हे दोन आवरले की निम्मं काम झालं असं माझं मत. बाकीचं ओघाने येतंच.

भातापासून सुरुवात

आपल्याकडे ताट वाढतात तेव्हा मधोमध भात, त्यावर आमटी किंवा सार, आणि भाजी म्हणजे कडेला दोन चमचे, नावाला. हे उलटं करायचं. आधी अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर घ्या, मग पाव भागात निस्त्याक, म्हणजे मासे, अंडं, उसळ, कुळथाची पिठी, जे असेल ते, आणि उरलेल्या जागेत भात. भात वाटीने मोजून घ्यायचा, पळीने नाही, कारण आमच्या घरातली भाताची पळी एकदा फिरली की दीड वाटी पडते. आणि जेवताना आधी भाजी, मासे खायला घ्या, भात मागून, त्याने जेवणानंतर रक्तातली साखर जरा कमी चढते, डायबेटिस असलेल्यांनी तर हे नक्की करावं, काही खर्च नाही त्यात.

आता खरी अडचण भाताची नाही, वाढणाऱ्याची आहे. सासूबाई, मावशी, काकी, कोणी ना कोणी हातात टोप घेऊन उभी असतेच, "आणखी थोडो भात घे गो, काय खाल्लंस तरी?" नाही म्हटलं तर राग. यावर माझा उपाय असा की पहिल्यांदा अर्धीच वाटी घ्यायची, म्हणजे आग्रहाला जागा राहते, दुसऱ्यांदा अर्धी घेतली की त्या पण खूष आणि तुमचा भात वाटीभरच झाला. निस्त्याक मात्र हवं तर मागून घ्या, तिथे लाजू नका.

उकडा की सुरय (म्हणजे न उकडता कांडलेला तांदूळ) असं बरेच जण विचारतात. उकडा बरा. भात सालासकट उकडून मग कांडतात ना, त्यात सालाजवळचं बी-१ जीवनसत्त्व दाण्यात उतरतं आणि मग पॉलिश केलं तरी बरंचसं टिकतं, सुरयमधलं कोंड्याबरोबर जातं. पण उकडा आहे म्हणून दोन वाट्या जास्त चालतो असं काही नाही हां, उकडा झाला तरी भातच तो.

पेजेचं थोडं वेगळं आहे. पेज मला स्वतःला फार आवडते आणि सकाळी दहा-अकराच्या सुमाराला बिस्किटं-टोस्ट-खारी खाण्यापेक्षा ती हजारपट बरी, गरम, हलकी, पाणी पण पोटात जातं. पण नुसती पेज नि लोणचं म्हणजे तांदूळ, पाणी आणि मीठ, बाकी काही नाही. तासाभरात परत भूक लागते ती त्यामुळेच. पेजेबरोबर मुगाची नाहीतर कुळथाची उसळ वाटीभर घ्या, शेवग्याच्या पाल्याची भाजी घ्या, एखादं उकडलेलं अंडं घ्या. पेज शिजताना मूठभर मूग त्यातच सोडले तरी चालतं. आणि पेजेत मीठ घालायचं नाही, तोंडी लावायला जे घेता त्यात असतंच.

नाचणी, कुळीथ, आणि अंगात ताकद कुठून येते

भात कमी केला की पोट रिकामं राहतं ते कशाने भरायचं, तर नाचणी आणि कुळीथ. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात साधारण एकशेवीस. अर्थात दुधातलं अंगाला लागतं जास्त सहज, आणि शंभर ग्रॅम पीठ म्हणजे दोन-तीन भाकऱ्या झाल्या, तरी पण चाळिशीनंतरच्या बायकांनी रोज एक नाचणीची भाकरी पानात घ्यावीच. रात्री ताकात पीठ भिजवून सकाळी आंबील केलीत तर आणखी छान, आंबवल्याने त्यातलं लोह, कॅल्शियम शोषायला सोपं जातं. नाचणीचं सत्त्व मात्र लहान बाळांना आणि आजारी माणसाला. धडधाकट माणसाने सत्त्व का खावं मला कळत नाही, ते गाळून काढलेलं असतं, चोथा म्हणजे फायबर सगळं गेलेलं, वर त्यात साखर नि तूप घालून खीर करायची. भाकरी खा, तोंडाला व्यायाम पण होतो.

कुळथाची पिठी हे तर गरिबाचं औषध. कुळथात शेकडा बावीस टक्के प्रोटीन असतं. साधारण ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला ४५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं, आणि आपल्या शाकाहारी दिवसाचं जेवण बघा, भात, आमटीचं पाणी, बटाट्याची भाजी, पापड, त्यात वीस-पंचवीस ग्रॅम तरी भरतं की नाही शंका आहे. श्रावणात, संकष्टीला, सोमवार-गुरुवारी हा खड्डा पडतोच. म्हणून वाराच्या दिवशी पिठी दाट करा. माणशी दोन मोठे चमचे पीठ गार पाण्यात गुठळी न होता कालवून घ्यायचं, लसूण ठेचून थोड्या तेलात लाल होऊ द्यायची, मिरची, हिंग, हळद, दोन आमसुलं, मग कालवलेलं पीठ ओतून उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं, सोडून गेलात तर उतू जाते किंवा तळाला धरते. पातळ पिठी चवीला लागते मान्य आहे पण त्यात पीठ किती नि पाणी किती ते पण बघा ना. सोबत वालाचं बिरडं, पावटे, मटकी, काहीतरी एक उसळ असू द्या. (मुतखड्यावर कुळीथ म्हणून जे सांगतात, त्या भरवशावर दुखणं अंगावर काढू नका, सोनोग्राफी करून घ्या.)

पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी अशी रानभाजी येते ती सोडू नका, दोन महिन्यांचा खेळ असतो आणि रस्त्याकडेला फुकट मिळते. अळू शिजवताना आमसूल किंवा चिंच घालून नीट शिजवायचं, नाहीतर घसा खवखवतो, त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात त्या टोचतात. आणि अळंबी ज्याला ओळखता येतात त्यानेच काढाव्या, "दिसताहेत तशाच" म्हणून कोणी आणून दिल्या तर सरळ फेकून द्या, त्यात धाडस नको.

मासे: महागाच्या मागे लागू नका

सुरमई-पापलेट म्हणजे चांगलं जेवण असं डोक्यात बसलंय, हॉटेलवाल्यांनी बसवलंय ते. अंगाला चांगलं म्हणाल तर बांगडा नि पेडवे. ओमेगा-३ नावाची जी चरबी हृदयाला चांगली म्हणून लोक गोळ्या विकत घेतात ती या दोन स्वस्त माशांत भरपूर आहे. पेडवे, मांदेली, मोतके असले बारीक मासे काट्यासकट चावून खाता येतात, म्हणजे कॅल्शियम पण मिळालं. मोठ्या शिकारी माशांत, मोरी (शार्क) आणि मोठी सुरमई, पारा साचत जातो, म्हणून गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी ते टाळलेले बरे, बारीक मासे बिनधास्त खावे.

तळणं कमी करायला हवं, हे सांगताना मलाच कसंतरी होतं. पण रवा लावून कढईत सोडलेली तुकडी तेल पितेच. रोज तळण्यापेक्षा आठवड्यातून एखाद्या दिवशी तळा, आणि तेव्हा पण तव्यावर थोड्या तेलात. बाकीच्या दिवशी तिखलं करा, बांगड्याला तिरफळं ठेचून, आमसुलं, मिरची, हळद, पाणी बेताचं, दहा मिनिटांत होतं आणि तेल चमचाभर. हळदीच्या पानात गुंडाळून तव्यावर भाजलेला बांगडा खाऊन बघितला नसेल तर बघाच. तळून उरलेलं तेल गाळून बरणीत भरून पुन्हा पुन्हा तापवायची सवय मात्र सोडा.

आता बांगड्याचं एक महत्त्वाचं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बांगडा, पेडवे, टुना हे मासे बर्फाशिवाय उन्हात राहिले की त्यात हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात तोंड लाल होतं, अंगाला खाज, डोकं ठणकतं, कधी उलटी-जुलाब. लोक म्हणतात मासा बाधला, अॅलर्जी आहे वाटतं. अॅलर्जी असेलच असं नाही, मासा नीट ठेवलेला नव्हता हे कारण जास्त वेळा असतं, आणि ते हिस्टामिन शिजवून, तळून, आमसूल घालून काही केल्या जात नाही. खाताना जिभेला मिरी चावल्यासारखं चुरचुरलं तर तिथेच थांबा. त्यामुळे बाजारात जाताना डबा नि थोडा बर्फ घेऊन जा, आधी भाजी-किराणा करा आणि मासे शेवटी घ्या, घरी आल्यावर गप्पा मारत बसू नका, आधी साफ करून फ्रीजमध्ये. आणि हे सगळं खाऊन श्वास लागायला लागला, ओठ-जीभ सुजली तर मात्र घरी बसू नका, थेट दवाखाना.

तिसऱ्या (शिंपले) घेताना ज्या उघड्या आहेत नि टिचकी मारली तरी मिटत नाहीत त्या टाकायच्या, आणि शिजवल्यावर ज्या उघडल्याच नाहीत त्याही टाकायच्या.

मीठ, खरा चोर

दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात पापड-लोणचं-सुकं-पाव-फरसाण सगळं आलं. पाच ग्रॅम मोजत कोण बसणार, म्हणून एक सोपं करा. मिठाची एक किलोची पिशवी फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहा. चार माणसांच्या घरात ती पन्नास दिवस तरी जायला हवी. महिन्यात संपली तर माणशी आठ ग्रॅम झालं, आणि हे फक्त डब्यातलं, बाहेरून आलेलं वेगळंच. आमच्या शेजारच्या वैनींनी हे करून बघितलं, मला म्हणाल्या "तुझ्या हिशोबापायी झोप उडाली माझी". उडूदे. त्यांच्याकडे दोघांना बीपी आहे.

कमी कसं करायचं, तर आधी जिथे दोनदा पडतं तिथे बघा. आगळ (म्हणजे कोकमाचा खारवलेला रस) घेऊन सोलकढी करता ना, आगळात मीठ मुळातच भरपूर असतं, ते टिकतं त्यावरच, मग सोलकढीत वर मीठ घालायचंच नाही. आमसुलांचं तसंच, ती वाळवताना मीठ लावलेलंच असतं, म्हणून सार, पिठी, तिखलं यात आधी आमसूल घाला, उकळी येऊ द्या, चव बघा, मग मीठ. बहुतेक वेळा निम्म्यात भागतं. भाताला मीठ नको. ताटात डाव्या बाजूला मीठ वाढायची पद्धत आहे ती सणावारापुरती ठेवा.

सुकी मासळी तर विचारूच नका. जूनपासून जुलैअखेर ट्रॉलर बंद, समुद्र खवळलेला, तेव्हा सुकट, बोंबील, खारवलेला बांगडा यावर घर चालतं आणि पावसात गरम पेज नि भाजलेला सुका बांगडा याला तोड नाही हे मी पण मानते. पण खारा बांगडा आधी कोमट पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं भिजत ठेवा, ते पाणी ओता, परत एकदा स्वच्छ पाण्यात, तेही ओता, मग तव्यावर टाका किंवा कालवण करा. पहिलं पाणी चाखून बघा म्हणजे काय टाकलं ते कळेल. कालवणात वरून मीठ अजिबात नाही. आणि एकाच जेवणात सुकं, पापड, लोणचं, सांडगी मिरची असे चारी एकत्र नको, त्यातलं एक निवडा. सुकट आणि जवळा मिठाशिवाय नुसता उन्हात वाळवलेला मिळतो, कोळणीला विचारून तो घ्या.

सैंधव घेतलं की बीपी वाढत नाही हा एक गैरसमज. सोडियम त्यातही जवळपास तेवढंच. आणि मिठागराचं खडे मीठ वापरत असाल तर त्यात आयोडीन घातलेलं नसतं, खारवायला वापरा, रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनचं. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असलेल्यांनी किंवा बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नये.

खोबऱ्याबद्दल एवढंच की ते तेलात मोजायचं. वाटपाला अर्धा नारळ घातला असेल तर त्या दिवशी तेल कमी. ओल्या खोबऱ्यात तिसरा हिस्सा चरबी असते आणि तीही बहुतेक सगळी सॅच्युरेटेड, त्यामुळे भाजीवर पण चव, आमटीत पण वाटप, वर सोलकढी नि गोडाला नारळीभात असं एकाच दिवशी झालं की बस्स. सोडा असं नाही म्हणत, नारळ सोडून मालवणी जेवण होतं का.

प्यायचं काय

इथल्या हवेत घाम वाळत नाही, नुसता वाहतो, एप्रिल-मे मध्ये बागेत आंबे उतरवणाऱ्यांना विचारा. तहान लागायची वाट बघू नका, आणि किती लिटर याचा हिशोब पण नको, लघवी फिकट पिवळी होते आहे ना एवढं बघा. गडद झाली की पाणी कमी पडतंय.

पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ होतं, वरून सगळं वाहून येतं. ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकते तरी प्यायचं पाणी फडक्याने गाळून, खळखळ उकळी फुटल्यावर मिनिटभर तरी उकळून घ्या. जुलाब लागले तर लिटरभर उकळलेल्या गार पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट द्यायचं, जास्त मीठ नाही. कोल्ड्रिंक तर नाहीच.

चहा. कोकणात चहाला नाही म्हणायची सोय नाही, ज्याच्या घरी जाल तिथे कप पुढे. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे आठ-दहा ग्रॅम, पाच कप झाले की चाळीस-पन्नास ग्रॅम, आणि दिवसभराची वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. म्हणून चहा हवा तर घ्या, साखर एका वेळी अर्धा अर्धा चमचा कमी करत या, जीभ पंधरवड्यात सरावते. जेवणाला लागून चहा मात्र नको, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांतही आहे, जेवणाआधी नि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा, कारण अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आपल्याकडे बायकांत रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की ही एवढी एक सवय बदलली तरी फायदा. लिंबू पिळा पालेभाजीवर, त्याने उलट लोह जास्त शोषलं जातं.

कोकम सरबत चांगलं म्हणून बाटलीतलं अमृत कोकम दिवसाला तीन ग्लास पिऊ नका, तो साखरेचा पाक आहे. चार आमसुलं रात्री पाण्यात टाकून सकाळी ते पाणी जिऱ्याची पूड घालून प्या. शहाळं उत्तम, पण किडनीच्या पेशंटला डॉक्टरांना विचारून, पोटॅशियम असतं. नीरा सकाळी गार असतानाच, ऊन चढलं की ती आंबायला लागते. आणि दारूचं म्हणाल तर थोडी घेतली की हृदयाला चांगली वगैरे कोणी सांगितलं तर ऐकू नका, २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटलंय की सुरक्षित असं काही प्रमाणच नाही.

आंबे-फणसाच्या दिवसांत

डायबेटिस असलेल्यांनी आंबा अजिबात नको असं मी म्हणणार नाही, सोसवत पण नाही कोणाला. साखर आटोक्यात असेल तर एक मध्यम हापूस, तोही अर्धा अर्धा करून, जेवणावर नाही, मधल्या वेळेला, आणि त्या दिवशी भात कमी. रस काढून त्यात साखर घालून पुरीबरोबर, हे मात्र धडधाकट माणसाने पण रोज करू नये. फणसाचे गरे पण तेच, गोड आहेत म्हणजे साखर आहे. आठळ्या टाकू नका, उकडून, नाहीतर चुलीत भाजून खा, चिवड्याच्या जागी.

गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा आठ दिवस मोदक, वडे, उसळी, आणि तिखट वाराला कोंबडी-वडे. खा की, वर्षातून एकदा. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले वडे चहात बुडवून नको, पेज करा. आणि परत मुंबईला जाताना पिशवीत खाजं, चिवडा, आंबापोळी भरता ना, ती दोन पाकिटं कमी करा आणि त्या जागी कुळथाचं पीठ, नाचणी, किलोभर उकडे तांदूळ आणि आमसुलं टाका, आईला सांगितलंत तर ती आधीच बांधून ठेवेल.